अर्ज, सोडत आणि कोयासान

ओसाकातील ज्या विद्यापीठात मी विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभर जपानी शिकत होते, तिथे परदेशी विद्यार्थ्यांसाठी दर शरद ऋतूत एका मुक्कामाची सहल निघते. त्या वर्षीची सहल वाकायामा प्रांतातील कोयासान येथे जाणार होती. कोयासान म्हणजे एकच शिखर किंवा एकच देऊळ नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, आठ शिखरांच्या कोंदणात एक सपाटी आहे आणि तिच्यावर ११७ मंदिरांचे एक गाव वसले आहे. पोस्ट, शाळा, किराणा दुकाने, पेट्रोल पंप हे सारे मंदिरांच्या मधूनच आहे. चीनमध्ये जाऊन गूढ बौद्ध साधनेची दीक्षा घेऊन आलेल्या कूकाई या भिक्षूला ८१६ साली सम्राटाने ही जागा दिली आणि तेव्हापासून ती त्याने स्थापलेल्या शिंगोन या बौद्ध पंथाचे मुख्य पीठ आहे. कोबो दाइशी ही त्याची पदवी त्याला ९२१ साली मिळाली, आणि जपानी माणसे आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. किइ पर्वतरांगांतील तीर्थस्थाने आणि यात्रामार्ग यांचा जागतिक वारशाच्या यादीत २००४ साली समावेश झाला, त्यात कोयासानही आहे.

सहलीला जायचे म्हणजे आधी अर्ज भरायचा. जागा चाळीसच होत्या, अर्ज त्याहून बरेच आले होते, त्यामुळे सोडत निघाली. नाव लागल्यावर सहकारी भांडाराच्या काउंटरवर शुल्क भरायचे, मिळालेली पावती दुसऱ्या अर्जावर डकवायची आणि त्या अर्जात विम्याचा क्रमांक, आपत्कालीन संपर्क, ॲलर्जी, जमिनीवर झोपण्यास काही अडचण आहे का, डोंगर चढून जाणार की केबल कारने, असे सगळे लिहून द्यायचे. अर्धा खर्च विद्यापीठ सोसत होते, तरीही उरलेली रक्कम आईला फोनवर सांगितली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “अगं, देवळात राहायचे इतके पैसे? शेगावला भक्तनिवासात किती कमी पडतात ते ठाऊक आहे ना?” कोयासानवरच्या ५० हून अधिक मंदिरांत यात्रेकरूंची राहण्याची सोय आहे, तिला शुकुबो म्हणतात. ही सोय भक्तनिवासासारखीच असली, तरी तिच्यात दोन वेळचे जेवण, अंथरूण-पांघरूण, आंघोळीचे गरम पाणी आणि पहाटेची पूजा हे सारे धरलेले असते, आणि माणशी दहा हजार येनपेक्षा जास्त खर्च सहज येतो. आईला ते पटले नाही.

अर्जातील जेवणाच्या रकान्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण जपानमध्ये राहणाऱ्या शाकाहारी मराठी विद्यार्थ्याचे निम्मे आयुष्य या रकान्यात जाते. मांस आणि मासे नकोत एवढे लिहून भागत नाही. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, अगदी वरून साधी दिसणारी कोशिंबीरसुद्धा वाळवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यात केलेली असू शकते, आणि तो मासा ताटात दिसत नसल्याने वाढणाऱ्याच्या लेखी ताट शाकाहारीच असते. मी नेहमीप्रमाणे अर्जात माशाच्या पाण्यासकट सगळी यादी लिहिली, तेव्हा कार्यालयातील बाई हसून म्हणाल्या की या वेळी हा रकाना रिकामा ठेवलास तरी चालेल. मंदिरातील स्वयंपाकाला शोजिन ऱ्योरी म्हणतात. त्यात मांस, मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असतो आणि रस्सा समुद्रातील कोंबू नावाच्या पानांचा आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांचा करतात. माझी अडचण अशी आपोआप सुटली, मात्र इंडोनेशियाच्या माझ्या मैत्रिणीची सुटली नाही. जपानी स्वयंपाकात मिरिन आणि साके ही तांदळाची मद्ये गोडीसाठी सर्रास घालतात, मंदिरेही त्याला अपवाद नाहीत. कार्यालयाने मंदिराला फोन केला, मंदिराने स्वयंपाकघरात विचारले, आणि दोन-तीन दिवसांनी तिचा स्वयंपाक या दोन्हींशिवाय होईल असे उत्तर आले. मुक्कामाच्या संध्याकाळी तिच्या ताटाखाली तिच्या नावाची चिठ्ठी होती.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात सर्वांची बैठक झाली. तिथे प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली. तिच्यात मिनिटांच्या हिशेबाने वेळापत्रक, सहा-सहा जणांचे गट, गटप्रमुखांची नावे, स्नानाच्या पाळ्या, खोल्यांचा नकाशा आणि पहाटे म्हणावयाच्या सूत्राचा रोमन लिपीतील उच्चार, इतके सारे होते. चपला कुठे काढायच्या, दुसऱ्या चपला कुठे घालायच्या, त्याही चटयांच्या खोलीबाहेर कशा उतरवायच्या आणि शौचालयाच्या चपला वेगळ्या कशा, हे एका शिक्षकांनी पडद्यावर चित्रे दाखवून समजावले. दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी हजर राहायचे, गटप्रमुखाने आपल्या गटाची मोजणी करायची आणि ती सेन्सेईंना, म्हणजे शिक्षकांना, कळवायची. सज्ञान मुलामुलींच्या सहलीला एवढा बंदोबस्त कशाला, असे मला तेव्हा वाटले. व्हिएतनामचा आमचा गटप्रमुख मात्र त्या पुस्तिकेत हिरव्या शाईने खुणा करत बसला होता.

ओसाकातील नाम्बा स्थानकावरून कोयासानकडे जाणारी रेल्वे हाशिमोतोपर्यंत साध्या उपनगरी गाडीसारखी धावते. त्यानंतर डोंगर सुरू होतो. रूळ एकेरी होतात, बोगद्यामागून बोगदे येतात आणि वळणावर चाकांचा इतका कर्कश आवाज होतो की बोलणे थांबवावे लागते. शेवटचे स्थानक गोकुराकुबाशी. तिथून केबल कार पाच मिनिटांत वर नेते, आणि वरच्या स्थानकापासून गावापर्यंतचा पहिला रस्ता फक्त बससाठी आहे, तिथे पायी चालायला मनाई आहे. आमच्यापैकी बहुतेक जण याच मार्गाने गेले. चालणाऱ्यांचा छोटा गट मात्र एका सेन्सेईंबरोबर त्याआधीच किइ-होसोकावा या लहानशा स्थानकावर उतरला. आमच्या मोठ्या पिशव्या बाकीचे घेऊन गेले, हेही पुस्तिकेत लिहिलेलेच होते.

पायथ्याच्या जिसोन-इन या मंदिरापासून कोयासानपर्यंत जाणारी यात्रेची जुनी पायवाट चोइशीमिची म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यावर दर एका ‘चो’वर, म्हणजे सुमारे १०९ मीटरवर, एक दगडी स्तंभ उभा आहे. वरच्या मुख्य मंदिरसंकुलापर्यंत असे १८० स्तंभ आहेत आणि तिथून कूकाईच्या समाधिस्थानापर्यंत आणखी ३६. पूर्वी ते लाकडी होते. तेराव्या शतकात ते दगडाचे करण्याचे काम हाती घेतले गेले आणि १२८५ साली ते पुरे झाले. आम्ही होसोकावाहून घामाघूम होत यादाते या ठिकाणी वाटेला लागलो तो साठावा स्तंभ होता. तिथल्या चहाच्या दुकानात मोची नावाचा तांदळाचा चिकट पदार्थ भाजून मिळतो, तो खाऊन आम्ही पुढे निघालो. वर जाल तसा आकडा उतरत जातो, त्यामुळे पाय बोलू लागले तरी माणूस थांबत नाही. ‘अजून किती’ हा प्रश्न वाटेत कुणी विचारलाच नाही, कारण उत्तर दर दोन-तीन मिनिटांनी दगडावर कोरलेले सापडत होते.

चव्वेचाळिसाव्या की पंचेचाळिसाव्या स्तंभापाशी सेन्सेईंनी आम्हाला थांबवले आणि त्याचे टोक नीट पाहायला सांगितले. खाली लांब चौकोनी खांब, त्याच्यावर गोल, त्यावर उतरत्या छपरासारखा त्रिकोणी घाट, त्यावर अर्धचंद्र आणि सर्वांत वर निमुळत्या मण्यासारखे टोक. चौकोन ही पृथ्वी, गोल म्हणजे आप, त्रिकोण तेज, अर्धचंद्र वायू आणि मणी आकाश. या आकाराच्या स्तूपाला गोरिन्तो म्हणतात. वर्गात हा शब्द आम्ही पाठ केला होता, त्याच्या मागे पंचमहाभूते आहेत हे मला तिथे उभे राहिल्यावर समजले. खांबाच्या अंगावर शेवाळाखाली एक मोठे अक्षर कोरलेले होते. मी वाचेन अशी सगळ्यांची अपेक्षा होती, कारण मी भारतातून आलेली. ते सिद्धम् लिपीतील बीजाक्षर होते. देवनागरी आणि ही लिपी एकाच ब्राह्मी कुळातील असल्या, तरी देवनागरी येणाऱ्याला ती थेट वाचता येत नाही. वेलांट्या आणि काने ओळखीचे वाटतात, पण अक्षर हाती लागत नाही. चीनची राजधानी चांगआन येथे कूकाई संस्कृत शिकला तो प्रज्ञ नावाच्या, मूळच्या भारताकडच्या एका भिक्षूकडे, आणि ८०६ साली परतताना त्याने ही लिपीही आणली. भारतात ती केव्हाच मागे पडली. इथे ती रोज लिहिली जाते, नव्या थडग्यांवर कोरली जाते आणि कोयासानच्या तरुण भिक्षूंना कुंचल्याने गिरवावी लागते.

याच वाटेवर एक झुकलेली शिळा आहे, तिच्यावर कूकाईने आपले चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, टांगले होते असे सांगतात. तिच्यापुढे कोयासानची पवित्र हद्द सुरू होई आणि स्त्रियांना तिथून पुढे जायला बंदी होती. आख्यायिका अशी की मुलाला भेटायला आलेली कूकाईची आईसुद्धा ही हद्द ओलांडू लागली तेव्हा आकाशातून आग बरसली आणि कूकाईने जवळचा मोठा खडक उचलून तिला आडोसा दिला. तो उचललेला खडकही दाखवतात. मग ती पायथ्याच्या जिसोन-इनमध्येच राहिली आणि महिन्यातून नऊ वेळा मुलगा डोंगर उतरून तिला भेटायला येई. मेइजी सरकारने १८७२ साली ही बंदी उठवली, तरी डोंगरावर ती प्रत्यक्षात सैल व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. तोवर स्त्रिया सात प्रवेशद्वारांपाशी बांधलेल्या सात दालनांत पूजा करत आणि माथ्याभोवतीच्या कड्यांवरून प्रदक्षिणा घालून, आतली मंदिरे झाडांच्या वरून पाहून परत जात. त्या सातांपैकी एकच दालन, न्योनिनदो, आज शिल्लक आहे. गटातील जर्मन मुलीने विचारले की मुलाची पुण्याई इतकी, तर हद्दच का नाही सरकवली. सेन्सेई म्हणाले की याच जागतिक वारशात मोडणाऱ्या ओमिने पर्वताच्या सांजोगाताके शिखरावर स्त्रियांना आजही जाऊ देत नाहीत. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जायला २०१६ साल उजाडले हे मी सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत टिपून घेतले. आमच्या चालणाऱ्यांच्या गटात मुलीच जास्त होत्या.

दुपारी आम्ही दाइमोनपाशी पोचलो. १७०५ साली बांधलेले हे २५ मीटर उंचीचे लाल महाद्वार झाडांतून एकदम समोर येते. दोन्ही बाजूंना दोन उग्र द्वारपाल आहेत. तिथे गटप्रमुखांची मोजणी, सेन्सेईंचा फोन आणि मग मंदिराकडे प्रस्थान हे सारे ठरल्या वेळी पार पडले.

मंदिराचा मुक्काम सुरू झाला तो लिखाणाने. एका लांब खोलीत बुटक्या मेजांवर प्रत्येकासाठी एक कागद, कुंचला आणि शाई ठेवली होती. कागदावर प्रज्ञापारमिताहृदयसूत्राचा चिनी पाठ फिकट छापलेला होता आणि त्यावरून गिरवत जायचे होते. अक्षरे अडीचशेपेक्षा थोडी जास्त आहेत. सुरुवातीला माझा कुंचला इतका भिजला की पहिल्या ओळीतच शाई पसरली. एका तरुण भिक्षूने मागून येऊन शाईच्या दगडावर कुंचल्याचे टोक कसे निथळायचे ते न बोलता दाखवले. अर्धे सूत्र होईपर्यंत गुडघे सुन्न झाले होते आणि खोलीत कागदाच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता, हे चाळीस परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत विशेषच. शेवटच्या ओळीत तारीख, नाव आणि इच्छा लिहायची होती. तैवानचे विद्यार्थी सर्वांआधी मोकळे झाले. मेक्सिकोचा एक मुलगा जेवणाची घंटा होईपर्यंत लिहीतच होता आणि त्याला कुणी घाई केली नाही.

जेवण संध्याकाळी साडेपाचला, लाल लाखेच्या बुटक्या चौरंगांवर. गोमा-दोफूच्या नावात तोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, असले तरी तो सोयाबीनचा नसतो. वाटलेले तीळ आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचे सत्त्व एकत्र घोटून तो थापतात आणि तो खरवसासारखा थरथरतो, फक्त वर गुळाऐवजी सोया सॉस आणि वासाबी ही झणझणीत हिरवी चटणी असते. याच डोंगराच्या नावाने ओळखले जाणारे कोया-दोफू म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले तोफू, ते शिजवले की कोंबूचा रस्सा शोषून घेते आणि चावताना तो तोंडात सुटतो. शिवाय भोपळ्याची आणि शिसो नावाच्या सुगंधी पानाची तेंपुरा, म्हणजे जपानी भजी, पारदर्शक सूप, लोणची आणि भात. जपानला आल्यापासून एखाद्या ताटातील प्रत्येक वाटी न विचारता उचलावी असा प्रसंग माझ्यावर पहिल्यांदाच आला. पानात काही टाकायचे नाही एवढीच अट होती. वासाबीवर बेतलेल्या दोन-तीन प्रसंगांचा तपशील मी देत नाही.

स्नानाच्या पाळ्यांविषयी बैठकीत सांगितले होते, तरी सामूहिक स्नानगृहात सगळ्यांसमोर विवस्त्र होऊन आंघोळ करायची ही गोष्ट आम्हा आशियाई मुलींपैकी कित्येकींना जड गेली. आयोजकांनी धर्माच्या किंवा संकोचाच्या कारणाने ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी लहान स्नानगृहाच्या स्वतंत्र वेळा ठेवल्या होत्या, त्याबद्दल पुस्तिकेला मनातल्या मनात हात जोडले. रात्री नऊला मंदिराचे दार बंद झाले. खोल्यांना कुलपे नव्हती, मध्ये कागदाचे सरकते दरवाजे, आणि रॉकेलचा शेगडीवजा हीटर झोपण्यापूर्वी बंद करायचा. ओसाकाला नोव्हेंबरात स्वेटर पुरतो. इथे पहाटे श्वासाची वाफ दिसत होती.

पहाटे सहाला पूजा सुरू झाली. गाभाऱ्यात सोनेरी दिव्यांखाली भिक्षूंनी सूत्र म्हणायला सुरुवात केली, मध्येच झांजा वाजत. आम्ही एकेक जण पुढे जाऊन चिमटीने चंदनाची पूड कपाळाजवळ नेऊन निखाऱ्यावर टाकत होतो. मग सर्वांनी मिळून एक मंत्र म्हटला, ‘ओन् आबोक्या बेइरोशानो’ असा काहीसा, आणि पुस्तिकेत तो वाचताना लक्षात आले की हे ‘ॐ अमोघ वैरोचन’ आहे. त्यानंतर शेजारच्या छोट्या दालनात गोमा झाला. गोमा म्हणजे होम. चौकोनी कुंडावर समिधा विहिरीच्या काठासारख्या रचलेल्या, भिक्षू लांब दांड्याच्या पळीने तेल घालतो, धान्य टाकतो, दुसरा ढोल वाजवतो, आणि ज्वाला छतापर्यंत जाईल की काय असे वाटू लागते. आदल्या संध्याकाळी आम्ही सपाट समिधांवर नाव आणि इच्छा लिहून दिल्या होत्या, त्या या आगीत पडल्या. आमच्या बहुतेकांच्या इच्छा जपानी भाषेची पातळी-परीक्षा उत्तीर्ण होण्याविषयीच्या होत्या, असे नंतर बोलताना कळले. वास्तुशांतीच्या होमात आमच्या घरी धुरामुळे खिडक्या उघडाव्या लागतात. इथे धूर बाहेर जायची वाट छतातच ठेवलेली होती आणि कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत.

न्याहारीनंतर ओकुनोइन. पहिल्या पुलापाशी वाकून नमस्कार करायचा आणि सुमारे दोन किलोमीटरची वाट चालायची. दोन्ही बाजूंना शतकानुशतके वाढलेले देवदार आणि त्यांच्या मुळांत दोन लाखांहून अधिक थडगी आणि स्मारके. जिझो या मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या लहान मूर्तींना लाल लाळेरी बांधलेली होती. काल ज्याची ओळख झाली तो गोरिन्तो इथे बोटभर उंचीपासून माणसाहून उंच आकारापर्यंत सर्वत्र होता, आणि मी गटातील मुलांना प्रत्येक थर दाखवत सुटले. सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागा, त्याच्यावर उलटलेला आकेची मित्सुहिदे आणि त्या दोघांनंतर सत्ता घेणारा तोयोतोमी हिदेयोशी या तिघांचीही स्मारके इथे आहेत. याच नोबुनागाने १५७१ साली हिएइ पर्वतावरील मंदिरे जाळली आणि पुढे कोयासानलाही वेढा घातला होता. मित्सुहिदेच्या स्मारकाला तडा गेलेला आहे, तो नोबुनागाच्या रागामुळे असे म्हणतात. परतीच्या नव्या वाटेवर कंपन्यांची स्मारके लागतात. एकाचा आकार रॉकेटचा, एकापुढे कॉफीचा दगडी कप, आणि कीटकनाशक व्यावसायिकांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळवीसाठी उभारलेले एक, ज्यावर वाळवीने शांतपणे निजावे अशी प्रार्थना कोरली आहे. जर्मन मुलीला आधी हसू आले, मग तिने त्याचाच फोटो सर्वांत जास्त वेळ घेतला.

आत जाताना शेवटचा पूल ओलांडला की एक छोटे लाकडी खोपटे लागते. त्याच्या भोकातून हात घालून आतला दगड एका हाताने खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवायचा, पाप जास्त असेल तर दगड जड लागतो. आमच्या गटप्रमुखाला तो हललासुद्धा नाही. त्या पुलाच्या ३६ फळ्या आणि सबंध पूल मिळून वज्रधातु मंडलातील, म्हणजे देवतांच्या एका पवित्र चित्ररचनेतील, ३७ देवता होतात. पुलापलीकडे फोटो, खाणे, टोपी, काही चालत नाही. तिथे हजारो कंदिलांचे दालन आहे. त्यातला एक दिवा एका गरीब मुलीने आपले केस विकून लावला आणि तो सुमारे हजार वर्षे जळत आहे, अशी श्रद्धा आहे. दालनाच्या मागे बंद दाराआड कूकाई ८३५ सालापासून ध्यानात बसलेला आहे, मेलेला नाही, असे शिंगोन पंथ मानतो. आळंदीला १२९६ साली ज्ञानेश्वरांनी घेतलेल्या संजीवन समाधीमुळे ही कल्पना मला परकी वाटली नाही. वेगळे होते ते हे की कूकाईला रोज दोनदा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, ताजे जेवण नेतात. आमचे वेळापत्रक त्या साडेदहाच्या भोवतीच आखलेले होते. पांढरी लाकडी पेटी खांद्यावर घेऊन दोन भिक्षू आणि पुढे एक ज्येष्ठ भिक्षू पुलावरून सावकाश गेले. वाटेतील एका जिझोला आधी चव दाखवतात, मग पुढे नेतात. ताटात जुन्याच पदार्थांचा हट्ट नसतो, पास्तासुद्धा असतो, असे आमच्याबरोबरच्या भिक्षूने सांगितले. मला वाटते की या डोंगरावर भक्ती आणि वेळापत्रक वेगळे काढता येत नाही. साडेदहा म्हणजे साडेदहा, बर्फ असो, भूकंप असो. आमच्या पुस्तिकेतील पाच मिनिटांच्या नियमावर त्यानंतर मी फारशी कुरकुर केली नाही, आणि गटप्रमुखाच्या मते ती माझ्यातली सुधारणा होती.

दांजो गारान हे मूळ मंदिरसंकुल आम्ही दुपारी पाहिले. तिथला कोम्पोन दाइतो हा शेंदरी रंगाचा महास्तूप ४८.५ मीटर उंच आहे आणि आताची वास्तू १९३७ सालची आहे. आत शिंगोन पंथाचा मुख्य बुद्ध महावैरोचन याची मोठी मूर्ती, भोवती चार बुद्ध आणि सोळा खांबांवर रंगवलेले बोधिसत्त्व, म्हणजे भिंतीवर टांगायचे मंडल इथे खोलीएवढे करून माणसाला त्याच्या आत उभे केले आहे. तिथून पाय निघत नव्हता, पण पुढे रेइहोकान हे संग्रहालय होते. १९२१ साली उघडलेल्या या संग्रहालयात मंदिरांची मूळ चित्रे आणि मूर्ती ठेवल्या आहेत. त्याला वेळापत्रकात पाऊण तास मिळाला होता, आणि तो एका दालनातच संपला.

परतीच्या बसमधून न्योनिनदो दिसले, बस तिथे थांबते. नंतर केबल कार, बोगदे, नाम्बा. नाम्ब्याच्या फलाटावर शेवटची मोजणी झाली आणि प्रत्येकाला एक पान हातात आले: अनुभव जपानीत लिहायचा, खाली पुढच्या वर्षासाठी सूचना. मी लिहिले की संग्रहालयाला किमान दोन तास द्यावेत, चालणाऱ्यांनी मोज्यांचा जादा जोड आणावा हे पुस्तिकेत ठळक छापावे, आणि पंचमहाभूतांची पाच बीजाक्षरे व त्यांचे आकार यांचा छोटा तक्ता शेवटच्या पानावर घालावा. तक्ता मी स्वतः काढून जोडला. आठवड्याने कार्यालयाचा ईमेल आला. तक्ता आणि मोजे मान्य झाले होते. संग्रहालयाचा वेळ वाढवायचा तर दुपारच्या जेवणाचा वेळ निम्मा करावा लागेल, तरी गटप्रमुखांनी आपापल्या गटाचे मत विचारून शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे, असे त्यात म्हटले होते.